'साठी बुद्धी नाठी' : वाढते वय, स्मरणशक्ती आणि अध्यापकांची जबाबदारी

प्रस्तावना

मराठीत 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण सर्वपरिचित आहे. उर्दूत आणि आपल्या दखनी बोलीत विसरभोळ्या वृद्धाविषयी 'सठिया गए' असे म्हटले जाते. दोन्ही भाषांनी साठ हाच आकडा धरला आहे आणि दोन्हींत एकच समजूत आहे. वय झाले की स्मरणशक्ती जाते, ते स्वाभाविक आहे, त्यावर इलाज नाही, अशी ती समजूत होय.

या समजुतीचे दोन दुष्परिणाम आपल्या परिसरात दिसतात. चाळिशी-पन्नाशीत नव्याने शिकू पाहणारी व्यक्ती "आता डोक्यात काय शिरणार" असे म्हणून वर्ग सोडते, आणि कित्येकदा अध्यापकही मनातून तिच्याशी सहमत असतात. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ज्या वृद्धाच्या मेंदूत खरोखर आजार सुरू झाला आहे, त्याचे घरचे लोक "वय झाले, चालायचेच" म्हणून त्याला वैद्याकडे नेत नाहीत. निरोगी माणसाला आपण दुबळा ठरवतो आणि आजारी माणसाला निरोगी समजतो.

वयाबरोबर स्मरणशक्तीत नेमके काय कमी होते, काय टिकते, हे का घडते आणि कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुधोळ आणि सीमाभागातील बहुभाषिक जीवन या विषयाशी जवळून निगडित आहे. म्हणून त्याचाही परामर्श येथे घेतला आहे.

स्मरणाच्या तीन पायऱ्या

स्मरणशक्ती ही एकच शक्ती आहे असे आपण बोलण्याच्या ओघात मानतो. आपल्या भाषांतील शब्द मात्र अधिक नेमके आहेत. मराठीत आपण 'लक्षात ठेवणे' म्हणतो. म्हणजे ठेवण्याची जागाच 'लक्ष' आहे. ज्याकडे लक्ष गेले नाही ते पुढे आठवण्याचा प्रश्नच येत नाही. उर्दूत स्मरणशक्तीला 'हाफिजा' म्हणतात. 'हिफाजत' आणि 'हाफिज' हे शब्द त्याच धातूपासून आले आहेत, आणि त्या धातूचा अर्थ जतन करणे, राखणे असा आहे. तिसरा शब्द 'आठवणे'. जे जतन केले ते हवे तेव्हा परत समोर आणणे, हा त्याचा अर्थ.

मानसशास्त्रही स्मरणाच्या याच तीन पायऱ्या सांगते : नोंद, साठवण आणि प्रत्यावाहन. वाढत्या वयात या तिन्ही पायऱ्या सारख्या प्रमाणात दुबळ्या होत नाहीत. निरोगी वार्धक्यात मुख्य घट पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर होते. नवी गोष्ट नीट नोंदली जात नाही, आणि नोंदलेली गोष्ट कोणत्याही आधाराविना चटकन सापडत नाही. पक्की साठवलेली जुनी माहिती बहुतांशी शाबूत राहते.

काय टिकते आणि काय घटते

स्मृतीचे प्रकार वेगळे करून पाहिले की चित्र स्पष्ट होते.

(१) कौशल्याची स्मृती : शिवणयंत्र चालविणे, सायकल चालविणे, वजू करणे, पोळी लाटणे. ही कामे हातांना ठाऊक असतात. वयाने गती मंदावते, पण कौशल्य विसरले जात नाही.

(२) शब्द व ज्ञानाची स्मृती : शब्दसंग्रह, म्हणी, हिशेबाच्या रीती, जगाविषयीची माहिती. हे भांडार साठीपर्यंत वाढत जाते किंवा स्थिर राहते आणि त्यानंतरही हळूहळूच ओसरते.

(३) प्रसंगांची स्मृती : काल कोण भेटले, चष्मा कोठे ठेवला, ही गोष्ट आपण कोणाला सांगितली. वयाचा परिणाम येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. आजोबा तीच हकीकत त्याच माणसाला पुन्हा सांगतात. हकीकत त्यांना तपशीलवार आठवते. ती कोणाला सांगितली एवढेच आठवत नाही, कारण घटना आणि तिचा संदर्भ यांची गाठ पक्की बसलेली नसते.

(४) कामचलाऊ स्मृती : एखादी माहिती मनात धरून तिच्यावर काम करणे. ऐकलेले चार-पाच आकडे लगेच तसेच म्हणून दाखवणे वृद्धांनाही जमते. तेच आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले की अडचण येते.

आठवून सांगणे आणि ओळखणे यांतही मोठा फरक आहे. "कालच्या सभेला कोण कोण होते?" या प्रश्नावर वृद्ध व्यक्ती गोंधळते, परंतु "अमुक होते का?" असे विचारल्यास बरोबर उत्तर देते. म्हणजे माहिती गेलेली नसते, तिच्यापर्यंत पोचण्याची वाट अवघड झालेली असते. दुवा मिळाला की वाट सापडते.

जुन्या आठवणींचे उदाहरण आपल्या गावातच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली आणि हा भाग आंध्र प्रदेशात आला. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून मुधोळ निर्मल जिल्ह्यात आहे. जो मनुष्य १९५६ साली दहा-बारा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. त्याला विचारल्यास त्या काळची शाळा, शिक्षक, बाजार आणि आण्यांचा हिशेब तो सविस्तर सांगू शकेल. परवा कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज दिला, हे मात्र त्याला कागद पाहूनच सांगावे लागेल. यात विसंगती काही नाही. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी वृद्धांना सर्वांत अधिक आठवतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. त्या वयातील अनुभव नवे असतात, भावनेशी जोडलेले असतात, आणि पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितले जातात.

मेंदूत काय बदलते

मेंदूतील हजारो पेशी रोज मरतात आणि म्हणून म्हातारपणी मेंदू रिकामा होतो, असे पूर्वी सांगितले जात असे. प्रत्यक्ष मोजणीत तसे आढळले नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९९७ साली ९४ मेंदूंची मोजणी प्रसिद्ध केली. वीस ते नव्वद या वयांत मेंदूच्या बाह्य थरातील पेशींची संख्या सुमारे दहा टक्केच कमी भरली. निरोगी वार्धक्यात पेशी मरण्यापेक्षा पेशींमधील जोडण्या विरळ होणे महत्त्वाचे ठरते. या बदलांची मुख्य ठिकाणे पुढीलप्रमाणे आहेत.

*पहिले, हिप्पोकॅम्पस.* मेंदूच्या आतल्या बाजूस, कानाच्या पातळीवर असलेला हा लहानसा भाग नव्या अनुभवांची गाठ बांधतो. कोण, कोठे, केव्हा, काय म्हणाले, हे सारे एकत्र जोडण्याचे काम त्याचे. उतारवयात त्याचे आकारमान दरवर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटते. वर सांगितलेली 'हकीकत आठवते पण कोणाला सांगितली ते आठवत नाही' ही अडचण येथून निर्माण होते.

*दुसरे, कपाळामागील भाग.* लक्ष एकाग्र करणे, अनावश्यक गोष्टी बाजूला सारणे आणि आठवणींचा शोध घेणे ही कामे येथे चालतात. हा भाग तुलनेने लवकर पातळ होऊ लागतो. त्यामुळे गोंगाटात ऐकलेले लक्षात राहत नाही आणि एका वेळी दोन कामे करताना एक निसटते.

*तिसरे, वेग.* मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंवरील आवरण झिजते आणि संदेशवहन मंदावते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाऊस यांनी १९९६ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार वयोपरत्वे दिसणारी बरीच घट ही मुळात वेगाची घट आहे. अध्यापकाने भराभर सांगितलेल्या लांब वाक्याचा दुसरा भाग मनात पोचेपर्यंत पहिला भाग विरून जातो. ऐकणाऱ्याला वाटते आपण विसरलो. वस्तुतः ते नीट नोंदलेच गेलेले नसते.

मेंदूबाहेरच्या कारणांचाही विचार करावा लागतो. ऐकू कमी येत असेल तर शब्द ओळखण्यातच सारी शक्ती खर्च होते आणि लक्षात ठेवण्यासाठी फारशी उरत नाही. दिवसभरातील अनुभव पक्के करण्यात गाढ झोपेचा वाटा असतो, आणि वयानुसार ही झोप कमी होते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतात. म्हणून एकाच वयाच्या दोन माणसांच्या स्मरणशक्तीत खूप तफावत आढळते. केवळ वयाचा आकडा पाहून कोणाची स्मरणशक्ती ठरवता येत नाही.

नावच का आठवत नाही?

पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येक अध्यापकाची एक तक्रार असते : चेहरा समोर आहे, गाव आठवते, बापाचा व्यवसाय आठवतो, नाव मात्र आठवत नाही. जिभेवर आहे, ओठावर येत नाही.

याचे कारण नावाच्या स्वरूपात आहे. समजा, एका गटाला एका गृहस्थाचे छायाचित्र दाखवून सांगितले की हे अत्तर विकतात. दुसऱ्या गटाला सांगितले की यांचे आडनाव अत्तार आहे. पहिल्या गटाला ती माहिती अधिक आठवेल. अत्तर म्हटले की वास, बाटली, दुकान, ईद, लग्न असे कितीतरी दुवे जोडले जातात. आडनाव हे एकटे असते, त्याला अर्थाचा आधार नसतो. याच धर्तीचा प्रयोग ब्रिटनमध्ये १९८७ साली झाला आणि त्यात व्यवसायापेक्षा नाव आठवणे अवघड असल्याचे दिसले. ज्याला दुवे कमी, ते वाढत्या वयात प्रथम अडते. डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९१ सालच्या अभ्यासातही 'जिभेवर आहे' ही अवस्था वृद्धांत अधिक वेळा आणि विशेषतः व्यक्तिनामांबाबत आढळली. बहुतेक वेळा ते नाव काही वेळाने आपोआप आठवते. म्हणून असा विसर हे आजाराचे लक्षण मानून घाबरण्याचे कारण नाही.

तुलनेतील एक चूक

वीस वर्षांचा विद्यार्थी आणि सत्तर वर्षांचे आजोबा यांना एकच चाचणी देऊन गुणांची तुलना केली, तर आजोबा खूपच मागे पडतात. हा सगळा फरक वयाचा मानणे बरोबर नाही. त्या दोघांच्या शालेय शिक्षणात, आहारात आणि चाचणी देण्याच्या सवयीतही अंतर असते. के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिएटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले गेले. अशा रीतीने पाहिल्यावर बहुतेक क्षमतांची घट साठीच्या आसपास सुरू होते आणि ती वेगवेगळ्या पिढ्यांच्या तुलनेत दिसते त्याहून बरीच सौम्य असते, असे आढळले. आपल्या भागात, जेथे आजच्या वृद्धांपैकी अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, शाळेत जाण्याची संधीच मिळाली नाही, तेथे ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. शाळेचा अभाव हा वयाच्या खात्यावर लिहिला जाऊ नये.

अपेक्षेचाही परिणाम होतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांना सारखीच कामगिरी दिली. "ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे" असे बजावून सांगितले तेव्हा वृद्ध मागे पडले. सूचनांतून स्मरणशक्तीचा उल्लेख वगळला तेव्हा दोन्ही गटांतील फरक दिसला नाही. 'सठिया गए' असे सतत ऐकणारा माणूस परीक्षेला बसण्यापूर्वीच निम्मा हरलेला असतो.

सीमाभागातील भाषा आणि हैदराबादचा अभ्यास

मुधोळच्या बाजारात सामान्य माणूस घरी मराठी किंवा दखनी, कचेरीत तेलुगू आणि दुकानात समोरचा बोलेल ती भाषा बोलतो. भैंसा, मुधोळपासून धर्माबाद, बिलोली, देगलूरपर्यंत हीच स्थिती आहे. ही सवय शाळेने लावलेली नाही, व्यवहाराने लावलेली आहे. या बहुभाषिकतेचा स्मरणाशी काही संबंध आहे काय?

या प्रश्नावरील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच राज्याच्या राजधानीत झाला. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ३९१ रुग्ण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत या रुग्णांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती. असा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. म्हणजे हा लाभ शिक्षणाचाच असून तो भाषेच्या नावावर मांडला जात आहे, असे म्हणण्यास जागा कमी राहिली. दोनपेक्षा अधिक भाषा येणाऱ्यांना त्याहून जास्त लाभ झाल्याचे मात्र आढळले नाही. याच संस्थेतील पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते.

संभाव्य कारण असे सांगितले जाते. दोन भाषा जाणणाऱ्याच्या मनात दोन्ही भाषांचे शब्द एकाच वेळी जागे होतात. त्यांतील एक निवडायचा आणि दुसरा मागे ठेवायचा, हे काम कपाळामागील भागाला दिवसभर करावे लागते. त्या सरावाने मेंदूची 'शिल्लक' वाढते. आजाराने होणारे नुकसान थांबत नाही, पण शिल्लक असल्याने ते उशिरा जाणवते.

संशोधनाच्या शिस्तीस धरून येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे रुग्णालयात आलेल्या लोकांचे निरीक्षण आहे. न्यूयॉर्कमधील स्पॅनिशभाषक स्थलांतरितांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच माणसांना अनेक वर्षे तपासले असता, दोन भाषा येणाऱ्यांची स्मरणशक्ती आरंभी चांगली होती, परंतु घटण्याची गती कमी नव्हती आणि स्मृतिभ्रंशही टळला नाही. म्हणून भाषा हे औषध आहे असे म्हणता येणार नाही. एवढे नक्की म्हणता येईल की घरातली भाषा टाकून देण्यात मेंदूचा काही फायदा नाही. उतारवयात भाषा शिकणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे म्हणण्यासही आधार नाही.

वयाचा विसर आणि आजाराचा विसर

स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा स्वाभाविक शेवट नव्हे. तो मेंदूच्या आजारांमुळे होतो आणि अल्झायमर हा त्यांतील प्रमुख आजार आहे. लासी-डॅड या राष्ट्रीय पाहणीवर आधारित, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. याचाच दुसरा अर्थ असा की साठीनंतरही दहापैकी नऊहून अधिक लोकांना हा आजार नसतो.

दोन प्रकारच्या विसरांतील भेद अध्यापकांनी ओळखावा. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. चष्मा कशासाठी असतो हे न कळणे आजाराचे आहे. नाव उशिरा आठवणे वयाचे असू शकते. रोजच्या नमाजीची किंवा देवळाची वाट चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे, अर्ध्या तासात तोच प्रश्न चार वेळा विचारणे, स्वभाव एकाएकी बदलणे ही चिन्हे वैद्यकीय तपासणी मागतात. स्वतःच्या विसराची तक्रार रुग्णापेक्षा घरचे लोक अधिक करीत असतील तर विशेष लक्ष द्यावे.

तपासणी लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते, आणि हे विकार वेळीच ओळखल्यास सुधारणा होऊ शकते. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशास हातभार लावणारे १४ बदलता येण्यासारखे घटक सांगितले. कमी शिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा, व्यायामाचा अभाव, दृष्टिदोष हे त्यांत आहेत. हे सर्व घटक नाहीसे करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. या यादीत शिक्षणाचा समावेश आहे, याची नोंद शिक्षणसंस्थांनी अवश्य घ्यावी.

पाठांतराच्या परंपरा काय सांगतात

जे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध झाले, त्याचा व्यवहार आपल्या परंपरांत पूर्वीपासून आहे. हिफ्जच्या मदरशात विद्यार्थ्याचा दिवस तीन भागांत विभागलेला असतो : 'सबक' म्हणजे आजचा नवा पाठ, 'सबकी' म्हणजे गेल्या काही दिवसांचे पाठ, आणि 'मंजिल' किंवा 'आमोख्ता' म्हणजे जुने पाठ. प्रत्येक पाठ न पाहता उस्तादांसमोर म्हणून दाखवायचा असतो. हाफिज झाल्यावरही 'दौर' चालूच ठेवावा लागतो. तो सोडला की पाठ निसटू लागतो, हे प्रत्येक हाफिजाला ठाऊक असते. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजीत इमामांच्या मागे दुसरा हाफिज लक्षपूर्वक ऐकत असतो आणि इमाम अडखळल्यास 'लुकमा' देतो. एका शब्दाच्या दुव्याने पुढची आयत ओघाने येते.

वारकरी परंपरेतही हेच दिसते. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी वृद्ध स्त्रियांना हरिपाठ मुखोद्गत असतो. चाल, ताल आणि सोबतच्या बायांचा सूर हे तेथे दुव्याचे काम करतात.

या दोन्ही परंपरांत समान गोष्टी चार : थोडे थोडे शिकणे, अंतराने उजळणी करणे, न पाहता म्हणणे आणि दुवा देणारा सोबती असणे. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा वारंवार वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातील ४० टक्के भाग आठवला, तर एकदा वाचून पुढे वारंवार आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवला. आठवणे हाच आठवण पक्की करण्याचा मार्ग आहे.

येथे एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. ज्याचा सराव करावा तेच सुधारते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्मरणाचे प्रशिक्षण घेतलेल्यांची स्मरणचाचणी सुधारली, परंतु त्याचा फायदा इतर क्षमतांना झाला नाही. एक पाठ केल्याने सर्व स्मरणशक्ती तल्लख होते, असा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

अध्यापकांसाठी काही सूचना

(१) एका तासात नवे मुद्दे तीन-चारच ठेवावेत. सांगण्याचा वेग कमी करावा, वाक्ये लहान ठेवावीत. प्रौढांची समज कमी नसते, नोंदीला वेळ अधिक लागतो.

(२) प्रत्येक नवा मुद्दा प्रौढाच्या जुन्या ज्ञानाशी जोडावा. दुकान चालवणाऱ्याला टक्केवारी उधारीच्या वहीतून शिकवावी. शिवणकाम जाणणाऱ्या महिलेला भूमिती कापडाच्या बेतणीतून शिकवावी. वयाने जे वाढते त्या भांडाराचा असा उपयोग करावा.

(३) तासाच्या आरंभी पाच मिनिटे मागील तासाचे, आणि आठवड्यातून एकदा मागील महिन्याचे, वही न उघडता विचारावे. सबक, सबकी आणि आमोख्ता हाच क्रम. न आठवल्यास उत्तर न सांगता आधी लुकमा द्यावा.

(४) वर्गातील गोंगाट कमी करावा, फळ्यावरील अक्षर मोठे काढावे, बोलताना तोंड विद्यार्थ्यांकडे असावे. ऐकू न येणाऱ्यास 'मंद' समजू नये.

(५) मूल्यमापनात केवळ आठवून लिहिण्याचे प्रश्न नसावेत. ओळखणे, करून दाखवणे, समजावून सांगणे यांनाही गुण असावेत. पुरेसा वेळ द्यावा.

(६) वही, दिनदर्शिका, मोबाईलमधील आठवण यांचा वापर करण्यास लाज वाटू देऊ नये. ठरलेल्या जागी वस्तू ठेवणे ही हुशारीच आहे.

(७) चालण्याची सवय लावावी. ५५ ते ८० वयोगटातील १२० व्यक्तींवरील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षभर आठवड्यातून तीनदा चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले. नंतरच्या सर्व प्रयोगांत इतका स्पष्ट परिणाम दिसला नाही, तरी रक्तदाब व साखर यांच्या दृष्टीने चालणे हितकारकच आहे.

(८) विद्यार्थ्याच्या घरातील किंवा सहकाऱ्याच्या बोलण्यातून धोक्याची चिन्हे कळली, तर तपासणीचा सल्ला निःसंकोचपणे द्यावा. ग्रामीण भागात अनेक कुटुंबांना असा सल्ला देऊ शकणारी जवळची सुशिक्षित व्यक्ती अध्यापकच असते.

समारोप

वय वाढते तसा स्मरणाचा वेग कमी होतो, लक्ष चटकन विचलित होते, नव्या अनुभवाची गाठ सैल बसते आणि आधाराविना शोध घेणे जड जाते. हे सारे खरे आहे. पण जे अर्थाने जोडले, वारंवार वापरले आणि इतरांना सांगितले, ते दीर्घकाळ टिकते. वय वाढले म्हणून शिकण्याचे दार बंद होत नाही, आत येण्यास थोडा वेळ लागतो, एवढेच. दुसरीकडे, जो विसर दैनंदिन जीवन मोडतो त्याला वयाच्या नावाखाली झाकणे हा त्या वृद्धावर अन्याय आहे. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण भाषेच्या तासाला अवश्य शिकवावी. प्रौढांच्या वर्गात तिचा उपयोग करू नये, आणि घरात कोणी ती उच्चारून वृद्धाची तपासणी पुढे ढकलत असेल तर त्यास थांबवावे. एवढे केले तरी अध्यापक म्हणून आपण आपल्या जबाबदारीचा मोठा भाग पार पाडला असे म्हणता येईल.